उजवा कौल

मूर्तीच्या उजव्या खांद्यावरचं फूल खाली पडलं आणि सरदार हसला. "देवानं उजवा कौल दिला! मला घोडे द्यायला नाही म्हणणारं ते खालचं गाव उद्या तुम्हीच जाळायचं."

डोंगरावरच्या त्या देवळात दांडपट्टा शिकणाऱ्या तरुण गोसाव्यांनी माना खाली घातल्या. कौल मोडायची तिथं रीत नव्हती. महंतांनीही मान खाली घातली.

त्या तरुणांतला भैरवपुरी मात्र पुढे आला. सकाळीच तो त्या गावात माधुकरी मागून आला होता. झोळीतली भाकरी अजून ऊन होती.

"कौल मोडतोस?" सरदार गरजला.

"छे! आज्ञा देवाची आहे ना?" भैरवपुरीनं हातातला पट्टा काढून मूर्तीपुढे ठेवला. "मग देवानं स्वतः जावं. हत्यार तयार आहे."

पाठोपाठ दुसरा पट्टा फरशीवर खणखणला. तो महंतांचा होता.