राखीव वॉर्ड

“तुम्ही बाहेर बसा,” डॉ. नीरजा म्हणाल्या.

रामकिसन हलला नाही. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाईल, आणि तोंडावर आत्ताच निवडून आल्याची खुशी. “नवरा हाय मी, मॅडम. सही मीच करणार ना?”

“सही तिची लागते. नवऱ्याची कायद्यात कुठंच लागत नाही.”

“बरं, बरं.” तो हसत उठला. “पर जरा लवकर उरका. सोमवारी अर्ज भरायचाय.”

दार लागलं. समोर मंजुषा खाली मान घालून बसली होती. चिकलठाण्याची ही सून. सासऱ्यांची जमीन कारखान्यात आणि प्लॉटिंगमध्ये गेली तशी घरात पैसा आला आणि पैशामागून राजकारण. तिच्या दोन्ही मुली डॉ. नीरजांच्याच हातावर झाल्या होत्या. आता पुन्हा दिवस गेले होते, तिसरा महिना चालू होता, आणि तिला गर्भ पाडायचा होता.

आदल्या संध्याकाळीच दोघी एका सभागृहात समोरासमोर आल्या होत्या. महापालिकेची निवडणूक तोंडावर आलेली. नागरिकांनी इच्छुक उमेदवारांना बोलावून जाब विचारायचा, असा कार्यक्रम होता. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिलेला, नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आणि नव्या वसाहतींच्या चौकात महापालिका कारंजं बांधत होती. डॉ. नीरजा माइक हातात घेऊन कडाडल्या होत्या. कारंज्याला पैसा आहे, पण बाळंतिणींच्या दवाखान्यात भूल द्यायला डॉक्टर ठेवायचा म्हटलं की तिजोरीत खडखडाट! मग त्या मूळ मुद्द्यावर आल्या. मूल कधी, किती, की नाहीच, हे बाईनं ठरवायचं. ना नवऱ्यानं, ना सरकारनं. माजी नगरसेवक तात्यासाहेब पुटपुटले, असल्या गोष्टी चारचौघांत बोलू नयेत. त्यांचं बोलणं लोकांनी हसण्यावारी नेलं आणि डॉक्टरांसाठी टाळ्या वाजवल्या. इच्छुक म्हणून व्यासपीठावर बसलेल्या मंजुषानं मात्र वाजवल्या नाहीत. तिनं पाण्याच्या टँकरवर नवऱ्यानं लिहून दिलेलं भाषण वाचलं आणि पदर सावरून खाली बसली. नीरजांना ते लागलं होतं.

“मुलगी आहे असं कुणी सांगितलं का?” त्यांनी सरळच विचारलं.

“नाय. तसली तपासणी नाय केली कुठं.”

“मग?”

“दोनाच्या वर लेकरू झालं की उभं राहता येत नाय, मॅडम. निवडून आल्यावर झालं तरी पद जातं.”

नियम नीरजांना माहीत होता. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला तो रामकिसनमुळे. वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला, साहेबांचं घोडं अडलं, म्हणून बायकोला पुढं केलं. आणि आता खुर्चीसाठी तिचं पोट रिकामं करायचं. वर हे सगळं ‘महिलांना प्रतिनिधित्व’ या नावाखाली! पाडायला आलेल्या बाईला कुणी दारातून परत पाठवू नये म्हणून त्या उभा जन्म भांडल्या होत्या, पण ते असल्या माणसासाठी नव्हे.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

“मी हे करणार नाही. हा निर्णय तुझा नाही, त्याचा आहे. त्याला आत बोलावते आणि तोंडावर सांगते. तू घाबरू नकोस, मी आहे तुझ्या पाठीशी.”

आपल्या हातून काही चांगलं घडतंय, असं त्यांना फार दिवसांनी वाटत होतं. त्यांनी बेलकडं हात नेला. मंजुषानं तो मनगटाला धरून अडवला.

“बोलावू नका.” आवाज अगदी शांत होता. “धाकटीच्या पाठीवर तुमी तांबी बसवली व्हती. सासूबाईनं दुसऱ्या दवाखान्यात नेऊन काढून आणली. गोळ्या आणल्या, त्या चुलीत गेल्या. ऑपरेशन करते म्हणलं तर ह्यांनी दोन दिवस खोलीत कोंडलं. पोरगं पायजे म्हणं. मधी दोनदा दिवस गेले, दोन्ही बारीला पडलं. तवा मी तुमच्याकडं आले व्हते. तुमी म्हणल्या, घरच्यांना नीट समजावून सांग.”

नीरजांना तसं बोलल्याचं आठवलं नाही. आपण तसंच बोललो असणार, एवढं मात्र त्यांना कळलं.

“आता तेच पोरगं पायजे म्हणणारं माणूस मला गाडीत बसवून पाडायला घेऊन आलं,” मंजुषा म्हणाली. “तुमी त्यांना हाकलून देता व्हय?”

“अगं, पण त्यानं तुला खुर्चीसाठी उभं केलंय...”

“त्यांनी नाय. आरक्षणाची सोडत निघाली त्याच दिवशी मी पक्षाच्या नानासाहेबांच्या घरी जाऊन आले. ह्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. तिकीट मीच मागितलं.”

नीरजा हलकेच म्हणाल्या, “दवाखान्यासाठी? काल मी बोलले, त्यासाठी?”

मंजुषानं नकारार्थी मान हलवली. टेबलावरचं पेन उचलून तिनं कागद स्वतःकडं ओढला आणि शाळेतल्या मुलीसारखी जपून सही केली.

“दवाखान्याचं मला काय कळतंय, मॅडम. पर तेवढं मत द्या मला. निवडून आले, तर पाच वर्षं मला दिवस जाऊ देणं ह्यांना परवडायचं नाय.”