रोज पाणी

महापालिकेच्या प्रचारात आमच्या रहाटणीत उमेदवार अर्जुनरावांचा एक व्हिडिओ फिरला. त्यात ते म्हणत होते, “या रहाटणीवाल्यांना घरटी एक कुकर दिला की बास.” अर्जुनरावांनी हात झटकले. “एआय आहे ते.” आम्हाला पटलं. ते नगरसेवक झाले.

पाणी मात्र दिवसाआडच येत राहिलं. शेवटी आमच्या बिल्डिंगमधल्या सुमनताईंनी ऑफिसात जाऊन त्यांचंच भाषण त्यांना मोबाइलवर दाखवलं. “निवडून आलो की रोज पाणी.” अर्जुनरावांनी चष्मा लावून नीट पाहिलं. “ताई, हेही एआयच.”

पुढच्या निवडणुकीत ते पडले. दुसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन सुमनताईंच्या दारात हजर. “ताई, सगळी बिल्डिंग माझ्यामागे आहे, असं तुम्हीच म्हणाला होतात ना? हा बघा व्हिडिओ.”

सुमनताईंनी चष्मा लावला. “अगंबाई, हुबेहूब माझ्यासारखीच दिसते हो.”