एफ सेव्हनवरचं उत्तर

कीबोर्डवरची एफ सेव्हन ही कळ दाबली की कोड लिहायच्या एडिटरमध्ये आपोआप उमटायचं, 'बाबा, कामात आहे, नंतर बोलतो.' तेच उचलून मी त्यांना पाठवायचो. 'छातीत दुखतंय रे' या त्यांच्या शेवटच्या मेसेजलाही तेच गेलं.

आज त्या कळीच्या मॅपिंगमध्ये, म्हणजे ती काय उमटवते त्या ओळीत, 'बाबा' खोडून 'आई' घातलं. लाज वाटली, तरी घातलं. कळ दाबली, तर वाक्य पुन्हा पुन्हा उमटायचं थांबेचना. स्क्रीन भरून गेली.

शेजारची सहकारी वाकली. तिने ते वाचलं आणि माझे कान तापले.

"अहो, घाईत मॅपिंगमध्ये तीच कळ घातलीत. ती स्वतःलाच बोलावतेय. आतली कळ पुन्हा उलगडू नको, असं सांगा तिला."

तसं केलं. या वेळी एकदाच उमटलं, 'आई, कामात आहे, नंतर बोलतो.'

मी हात मांडीवर घेतले. खालच्या ओळीत एकेक अक्षर उमटू लागलं.

'आणि माझ्याशी?'