सरळ पडणारं पान

पान सरळ खाली आलं आणि बाकाशेजारी पडलं. आईने सुस्कारा सोडला आणि पुढच्या पानाकडे नजर लावली.

सकाळी निघताना मुलानेच तिला ही खूण सांगून ठेवली होती. "उगाच जीव टांगणीला लावून बसू नकोस, आई. पान सरळ पडतंय तोवर वारा नाही असं समज. वारा सुटला की आम्हाला लगेच खाली घेतात."

"टांगणीला मी लागलेय की तू?" असं तिने तेव्हा विचारलं होतं आणि तो नुसता हसला होता.

समोरच्या उंच इमारतीच्या काचा तो पुसत होता. गच्चीवरून दोरांनी सोडलेला लोखंडी पाळणा, त्यात दोन माणसं आणि दोन बादल्या. त्या सांगाड्याला पाळणा म्हणतात हे आईला मुळीच पटलं नव्हतं. पाळणा म्हटला की जमीन हाताच्या अंतरावर हवी.

चौकातली झाडं मात्र ऐन भरात होती. आईबाबा तीन आठवड्यांपूर्वी मुलाकडे राहायला आले तेव्हा हिरवीगार होती, आता पिवळीधमक झाली होती, कोपऱ्यातलं एक तर लालभडक. लोक बाकांवर टेकून मान वर करून बघत होते. आईचीही मान वरच होती, पण तिची नजर झाडांच्या शेंड्यावर थांबत नव्हती.

"अगं, झाडं बघ तरी," शेजारी फोन वर धरून बसलेले बाबा म्हणाले. "पोराने एवढ्या हौसेने बोलावलंय. आठवड्याभरात सगळी बोडकी होतील म्हणत होता."

"तुम्हीच बघा. काढा फोटो. पोटचा पोर आभाळात लटकलाय आणि यांना पानांचं कौतुक."

बाबांनी फोन पुन्हा वर धरला. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाचा जीव कधी खालीवर झालेला तिने पाहिला नव्हता. आज त्याचा तिला फार राग आला.

झाडूवाला पानांचा ढीग लावत बाकापर्यंत आला. दोघांनी पाय वर घेतले.

"आज वारा अगदी पडलाय, नाही?" आई त्याला म्हणाली.

"पडलेलाच राहू दे, मावशी. सुटला तर माझी सकाळ पाण्यात."

"नाही सुटणार," आईने ठामपणे सांगितलं. एवढ्या मोठ्या शहरात आपल्या बाजूचा एक तरी माणूस भेटला म्हणून तिला बरं वाटलं.

तेवढ्यात एक पान तिरकं गेलं. पाखराने हलवलं असेल, तिने मनाची समजूत घातली. दुसरं गिरक्या घेत पार रस्त्यापलीकडे जाऊन पडलं. तिसरं पडलंच नाही. ते वर गेलं.

"अहो! वारा!"

ती उठली तसा मांडीवरचा डबा खाली घरंगळला. वर पाळणा काचेपासून जरासा सुटला आणि परत टेकला. इमारतीच्या पायथ्याशी जागा अडवायला दोरी बांधली होती, आईने धावत जाऊन ती दोरी घट्ट धरली. जणू त्याच दोरीला सगळं टांगलेलं होतं.

"खाली घ्या त्यांना! वारा सुटलाय, दिसत नाही का?"

कोणाला सांगत होती, तिलाच ठाऊक नव्हतं. पण पाळणा खाली येऊ लागलाच होता. मध्येच थांबे, आणि तिचा श्वासही तिथेच थांबे. मग पिवळं हेल्मेट दिसलं, मग हलणारा हात.

"हात काय हलवतोस? दोन्ही हातांनी धर!" ती ओरडली.

पाळणा जमिनीला टेकला. मुलगा पट्टा सोडून बाहेर आला. आईने त्याचे दोन्ही दंड दाबून पाहिले आणि तो पुरता खाली आल्याची खात्री करून घेतली.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "वारा थांबेपर्यंत आता कोणी वर सोडत नाही. आजची दुपार तुमची. डबा कुठाय?"

आई हसली आणि हसता हसता रडली. छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि डबा कुठे आहे ते तिला आठवेना.

बाबा अजून बाकावरच होते. "अहो, या ना! बसलात काय?"

"येतो," ते म्हणाले, पण उठले नाहीत.

मायलेक त्यांच्यापाशी आले. मुलाने खाली पडलेला डबा उचलला आणि बाबांच्या हातातला फोन घेतला. "बघू, झाडांचे किती काढलेत?"

आईनेही डोकावून पाहिलं. काच, दोर, पाळणा. पुन्हा पाळणा. एक पिवळा ठिपका, मग जरा मोठा, मग अगदी धुरकट. शेवटी मुलाचा चेहरा, हललेला. झाड एकाही फोटोत नव्हतं.

"फोनमधून जरा जवळ दिसतो," बाबा म्हणाले.

आई त्यांना चिकटून बसली.

मग वारा जोरात आला. झाडूवाल्याचा सगळा ढीग उठला आणि चौकभर झाला. झाडू आपटून तो वाऱ्याला चार शब्द सुनावू लागला. लाल, पिवळी पानं तिघांभोवती फिरत राहिली, एक मुलाच्या केसांत अडकलं. आईने मान वर केली. या वेळी नजर शेंड्यावरच थांबली.

"किती देखणं आहे हो," ती म्हणाली आणि मुलाकडून फोन घेऊन बाबांच्या हातात दिला. "आता काढा झाडांचे."