कोपराचा घाव

"पट्टा परत थरथरला," म्हणत पिमडावनं कोपर बोटभर खाली घेतलं.

रिंगणाबाहेर बुआलोई आजी नाक मुरडून बसली होती. "आमच्या तालमीत चुकलं की पाठीत वेत बसायचा. आता दंडाला गुदगुल्या!"

"वेताला कोपर किती वर गेलं ते कळायचं का, आजी? ही पेटी बरोबर ओळखते," तालमीतला विरोत म्हणाला. पोरीच्या दंडाला, कमरेला पट्टे नि खांबाला पेटी, सगळं त्यानंच शहरातून आणलेलं. जिथं चूक, तिथला पट्टा थरथरायचा.

आजीचं दुखणं वेगळंच. घराण्याचा कोपराचा घाव येत होता तो एकट्या थोंगदीला, तिच्या मुलाला. आपल्या मुलीला, पिमडावला, शिकवायच्या आत त्याला झटका आला, जिभेसकट अंग लुळं पडलं. आता तो चाकाच्या खुर्चीत, भर उन्हाळ्यातही हात पांघरुणात घालून, रिंगणाकडे तोंड करून बसायचा. तसा पिमडावचा हट्टच होता.

"सावलीत ने गं बापाला. त्याला काय कळतंय?" आजी रोज ओरडायची. पोर ऐकेल तर शपथ. "आणि जत्रेतल्या लढतीत तो घाव दिसला नाही, तर तालमीला कुलूप लावीन!"

मग एका सकाळी घाव दिसला. आधी खांदा, मग कंबर, शेवटी विजेसारखं कोपर. हुबेहूब थोंगदी. आजीच्या हातातलं पान हातातच राहिलं.

"मी चुकायच्या आधीच पट्टा थरथरतो, आजी," पिमडाव म्हणाली.

"पेटीत भूत बसवलंयस का रे?" आजीनं विचारलं. विरोत मान खाली घालून वायर गुंडाळत राहिला.

देवळाच्या जत्रेत पट्टे चालत नव्हते. पोर उघड्या दंडांनी उतरली, नि तिसऱ्या फेरीत तोच घाव बसला. समोरची उठलीच नाही. सगळं मैदान उभं राहिलं.

जिंकलेल्यानं आधी गुरूच्या पायांवर डोकं ठेवायचं. पिमडाव थेट बापाच्या खुर्चीपाशी जाऊन वाकली.

"अगं, बापाच्या पाया मागाहून पड! आधी त्या पेटीच्या पड, जिनं शिकवलं तिच्या!"

"शिकवलं त्याच्याच पडतेय, आजी."

तिनं पांघरूण बाजूला केलं. थोंगदीच्या मुठीत पट्ट्यांची बटणं होती. पट्टे घरी राहिले होते, तरी त्याचा अंगठा ती दाबतच होता.