हॉटेलातला तो आठवडा

“पूर्वीच्या खोल्या याच्या दुप्पट होत्या,” वेंडेल पलंगाच्या काठावर बसून कुरकुरले. “आणि गाद्या माणसाला अशा गिळत नव्हत्या.”

“हो ना, डॅडी,” म्हणत लॉरीन बॅगेत त्यांची पोहायची चड्डी शोधू लागली. तिचा भाऊ कर्टिस बाल्कनीत जाऊन उभा राहिला. हसू आवरेनासं झालं की त्याला नेहमीच बाहेरचं काहीतरी बघायचं असतं.

खाली फ्लोरिडाचं ऊन, तळं आणि तळ्यापलीकडे थीम पार्कचे मनोरे. पन्नासेक वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात हे कुटुंब ओहायोहून गाडी हाकत इथे आलं होतं. तेव्हापासून वेंडेल ‘आमच्या हॉटेला’बद्दल सांगत आले आहेत. न्हाव्याला, शेजाऱ्यांना, नातवंडांना. आल्याआल्या गळ्यात पडलेले फुलांचे हार, पोहण्याच्या तलावातला सिमेंटचा डोंगर, संध्याकाळी पेटवायचे त्या मशाली. सगळं अगदी खरं. खोलीबद्दल मात्र ते एवढंच सांगायचे, मोठी होती.

खोली नव्हतीच. पार्कची तिकिटं काढल्यावर हातात उरलं ते पेट्रोलपुरतं. दुपारभर ते या हॉटेलच्या तलावात डुंबायचे आणि रात्री हमरस्त्यावरच्या पेट्रोलपंपामागे गाडी लावून तिच्यातच झोपायचे. “कुणी विचारलं तर आपण याच हॉटेलात उतरलोय,” असं नॉर्मानं, म्हणजे पोरांच्या आईनं, त्यांना पढवून ठेवलं होतं. पोरांनी ते परत गेल्यावर शाळेत सांगितलं, आजीला सांगितलं, आणि मग ते मागे घ्यायची सोयच उरली नाही. नॉर्मा गेली तेव्हा चर्चमध्ये पाद्रीबाबांनीही तिच्या आवडत्या हॉटेलाचा गोड उल्लेख केला. पहिल्या बाकावरच्या तिघांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

लॉरीनला त्या आठवड्याबद्दल डॅडींचे आभार मानायचे होते. तीही आता साठीला टेकली होती आणि डॅडींच्या हृदयानं दोनदा इशारा दिला होता. पण आभार मानायचे म्हणजे गाडीचं नाव काढावं लागणार, आणि गाडीचं नाव काढलं की डॅडींची ती मोठी खोली जाणार. म्हणून तिनं यंदा याच हॉटेलात खरीखुरी खोली घेतली. न बोलताच भागेल, असं तिला वाटलं होतं. सकाळपासून भागत नव्हतं.

दुपारी तिघं तलावाकडे निघाली. तिथे आता फाटक बसवलं होतं. फाटकाशी फुलाफुलांचा शर्ट घातलेली, पांढऱ्या केसांची एक बाई स्टुलावर बसली होती.

“खोलीचं कार्ड दाखवता का, सर?”

लॉरीन मागे उभी राहून पिशवीत कार्ड चाचपत होती. तेवढ्यात वेंडेलनी खांदे ताठ केले, गालभर हसले, आणि लॉरीननं नऊ वर्षांची असताना ऐकलेल्या त्याच ऐटीत म्हणाले, “किल्ली बायकोकडे राहिली हो. ती वर धाकट्याला झोपवतेय. येईलच खाली.”

तेव्हाही यातलं बरंचसं खरं असायचं. नॉर्मा धाकट्याला झोपवतच असायची. फक्त वर नव्हे, गाडीतळावर.

“केवढा आहे धाकटा?” बाईनं कौतुकानं विचारलं.

“चार वर्षांचा. फार द्वाड आहे.”

धाकटा त्यांच्या शेजारीच उभा होता. टक्कल, सुटलेलं पोट, खांद्यावर टॉवेल.

“उठलो मी,” कर्टिस म्हणाला.

बाई खळखळून हसली. मग आपल्याखेरीज कुणीच हसत नाही हे पाहून उगाच फाटकाची कडी पुसू लागली. वेंडेलचे कान लाल झाले. त्यांनी वळून पाहिलं, तर लॉरीनच्या हातात कार्ड होतं.

“अरे, आहे की कार्ड,” ते पुटपुटले. “सवय, दुसरं काय. म्हणजे सवय अशी नाही... तेव्हा कार्डं नसायची, किल्ल्या असायच्या. पितळेच्या. आणि खोली तर काय, इतकी मोठी—”

“डॅडी.”

“कर्टिसला विचार हवं तर.”

कर्टिस तलावाकडे बघत होता. या खेपेला हसू येत होतं म्हणून नव्हे.

मागे ओल्या पायांची, हवा भरलेली बदकं घेतलेली मंडळी खोळंबली होती. लॉरीननं त्यांना हातानंच थांबवलं आणि डॅडींचा दंड धरला.

“आपण गाडीत झोपायचो, डॅडी,” ती म्हणाली. “मम्मी, मी आणि हा, मागे पाय पसरून. तुम्हाला जागाच उरायची नाही. उकाडा म्हणून काचा खाली केलेल्या असायच्या आणि तुम्ही बाहेर खिडकीशी उभे राहून रस्त्यांच्या त्या मोठ्या नकाशानं आमच्यावरचे डास हाकत राहायचात. मी जागी असायचे. एवढी बडदास्त मला पुन्हा कुठल्याही हॉटेलात मिळाली नाही.”