बांगड्या वाढल्या

जानकीबाईंनी बांगड्या भरायला आलेल्या सुरेखाच्या बोटांवर चार हिरव्या बांगड्या चढवल्या आणि हात दाबला. हात टेबलावरून घसरला. पुन्हा दाबला, पुन्हा घसरला.

वडवणीच्या बाजारात, रुद्रप्पांच्या किराणा दुकानासमोर जानकीबाई तीस वर्षं पोत्यावर बसून बांगड्या भरत होत्या. आता गुडघे गेले होते. एकदा बसल्या की उठवायला दोन बायका लागत. आजचा बाजार शेवटचा, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

रुद्रप्पांची मुलगी अपेक्षा डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रकल्पाचा विषय ज्याचा त्याने निवडायचा होता. तिने जानकीबाई निवडल्या. त्यांची उंची मोजली, गुडघे मोजले, पोतंसुद्धा मोजलं. चार महिने खपून तिने स्वतःच्या हाताने एक उंच स्टूल आणि एक घडीचं टेबल बनवलं. आज ते पहिल्यांदा बाजारात मांडलं होतं.

"मावशी, जरा जोर लावा," अपेक्षा म्हणाली.

जानकीबाईंनी वाकून जोर लावला. टेबलाचा घडीचा पाय मिटला. टेबल, त्यावरचं तबक, तबकातल्या बांगड्या, सगळं खाली आलं. सुरेखा "अगं माय!" करत मागे सरली. शेजारचा भाजीवाला तराजू तसाच धरून बघत राहिला.

"फुटल्या," अपेक्षा म्हणाली. "मावशी, सगळ्या फुटल्या."

"आसं म्हनू न्हाई. बांगडी फुटत न्हाई, वाढती." जानकीबाईंना हसू आवरेना. "एका दणक्यात चार डझन वाढवल्यास की गं. लई हुशार पोरगी."

"मी म्हनलं व्हतं, पोतं हाय तेच बरं हाय," दुकानातून रुद्रप्पा ओरडले. "चार म्हैने घरात भुसा उडवला. माझ्या भाकरीत भुसा!"

अपेक्षा खाली बसून काचा वेचू लागली. वेचता वेचता थांबली.

"मावशी, मला भरा की."

"आत्ता?"

"मी कधी भरूनच घेतल्या न्हाईत."

टोपलीत उरलेल्या बांगड्या घेऊन जानकीबाई दुकानाच्या वरच्या पायरीवर टेकल्या. अपेक्षा खालच्या पायरीवर बसली. बाईंनी तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, कोपर गुडघ्याला टेकवलं, अंगठा आत दुमडला. बांगडी मनगटात कधी गेली ते कळलंच नाही.

"बसम्माचाच हात हाय," जानकीबाई म्हणाल्या. "तुझी आई माझ्याकडंच भरायची. दुखलं की मोठ्यानं हसायची."

रुद्रप्पा साखर तोलत होते. त्यांचा हात थांबला.

अपेक्षा आपल्या हाताखालच्या मांडीकडे बघत होती.

"मावशी, टेबल हे हाय," ती म्हणाली. "तुमच्याकडं आधीपासूनच हाय. मी उगं दुसरं मधी घातलं."

"काय म्हनती ही?" जानकीबाईंनी सुरेखाला विचारलं.

"अप्पा, करवत आना!"

रुद्रप्पांनी करवत आणून दिली. स्टूल आडवं करून त्यांनी ते दोन्ही हातांनी दाबून धरलं. अपेक्षाने वरच्या पायरीची जमिनीपासूनची उंची वितीने मोजली आणि स्टुलाचे चारही पाय तेवढेच ठेवून वरचा भाग कापून टाकला. मोडक्या टेबलाच्या दोन पायांचे तुकडे तिने बसायच्या फळीच्या दोन्ही बाजूंना ठोकले, उठताना धरायला. गिऱ्हाइकासाठी समोर साबणाचं रिकामं खोकं पालथं घातलं. चार महिन्यांचं टेबल अर्ध्या तासात संपलं. तिच्या केसांत भुसा होता आणि ती हसत होती.

जानकीबाई स्टुलावर बसल्या. सुरेखा खोक्यावर बसली. तिचा हात मांडीवर आला आणि चारही बांगड्या एका दमात आत गेल्या. बघता बघता मागे पाच-सहा बायका उभ्या राहिल्या. एकीने लाल मागितल्या.

"लाल वाढल्या. पुढच्या बाजारी आनते," जानकीबाई बोलून गेल्या.

पुढची बाई खोक्यावर येऊन बसली, तिने हात पुढे केला. जानकीबाईंनी बाजूची लाकडं धरली आणि कुणालाही हाक न मारता उभ्या राहिल्या. बसल्या. परत उभ्या राहिल्या.

"अवो जानकीबाई," रुद्रप्पा म्हणाले, "गिऱ्हाईक बसलंय. तुमी उठताय कावून?"

"बसू द्या की तिला," त्या म्हणाल्या. "मला जरा उठू द्या."